डेबियन अपग्रेडनंतर एलडॅप सर्व्हर रेंगाळतोय, सकाळी दहाला लॅब ठप्प

लॅबवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका इंजिनीअरिंग कॉलेजची सिस्टिम बघतो. कॉलेजचं नाव नको. तीन लॅब, मिळून १२० लिनक्स मशीन, सगळ्यांचं लॉगिन एका एलडॅप सर्व्हरवरून (सगळ्यांची नावं, पासवर्ड आणि ग्रुप ठेवणारी मध्यवर्ती डिरेक्टरी) आणि होम फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर. डिरेक्टरीत ११ हजारांच्या आसपास एंट्री आहेत, कारण पास होऊन गेलेली पोरं कुणी कधी काढलीच नाहीत. मीही नाही.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत कॉलेज बंद असतं, म्हणून तेव्हाच हात घातला. सगळं गाव अक्षता सोहळ्याला आणि मी सर्व्हर रूममध्ये. डेबियन ११ वरून १२, म्हणजे ओपनएलडॅप २.४.५७ वरून २.५.१३. आमचा डेटा जुन्या एचडीबी प्रकारच्या डेटाबेसमध्ये होता. २.५ मध्ये बीडीबी आणि एचडीबी दोन्ही काढून टाकलेत, त्यामुळे अपग्रेडच्या आधी स्लॅपकॅटने सगळं बाहेर काढलं, एमडीबीचा नवा डेटाबेस हाताने मांडला आणि स्लॅपअ‍ॅडने परत भरलं. भरताना अर्ध्यात 'मॅप फुल' म्हणून थांबलं, कारण मॅक्ससाइज द्यायचाच विसरलो होतो आणि न दिल्यास तो फक्त १० एमबी असतो. १ जीबी दिला, मग भरलं.

सुट्टी संपली आणि रडगाणं सुरू झालं. सकाळी दहाला प्रॅक्टिकल सुरू होतं, साठ-सत्तर पोरं एकदम लॉगिन करतात आणि प्रत्येकाला ४० सेकंद, कधी मिनिटभर. काहींना तर पासवर्ड बरोबर असून आत घेत नाही. दुपारी तीनला मी एकट्याने केलं तर ३-४ सेकंदांत होतं. सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीन, २ कोअर. रॅम ४ जीबी होती, ८ केली. ढिम्म फरक नाही. एलडॅपसर्चने एखाद्या पोराचा यूआयडी (लॉगिनचं नाव) शोधला तर उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं, म्हणजे सर्व्हर ठीक वाटतो. मोबाइलवरून टाइप करतोय, त्यामुळे कमांड बोलतो तशाच लिहिल्यात. सांभाळून घ्या.

भाकरी_चटणी | सोमवार, रात्री १०:०५

रॅम वाढवून काय करलालास बे? ११ हजार एंट्री म्हणजे किती, पन्नास एमबीसुद्धा नसतील. आधीच्या ४ जीबीतच सगळं मावून वर गड्ड्यातले पाळणे बसले असते.

डीएनएस बघितलास का? आमच्याकडे एकदा उलटा लुकअप (आयपीवरून नाव शोधणं) लागत नव्हता आणि प्रत्येक कनेक्शन पाच सेकंद लटकायचं.

लॅबवाला | सोमवार, रात्री १०:२०

बघितलं. स्लॅपडीचा (ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्रॅम) रिव्हर्स लुकअप बंदच आहे, मुळात तो बंदच असतो. आणि डीएनएस असतं तर दुपारीही रडलं असतं ना?

टॉवेल_एमआयडीसी | सोमवार, रात्री १०:४८

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो. शिफ्ट बदलताना आमचंही असंच व्हायचं. तेव्हा डीबी-कॉन्फिग फाइलमध्ये कॅशे वाढवला होता आणि एंट्री कॅशे ५ हजारांवरून २० हजार केला होता. तुमच्या जुन्या सेटअपमध्ये ते असणार आणि नव्यात राहून गेलं असणार. बघा एकदा.

पोर्ट_३८९ | सोमवार, रात्री ११:१५

टॉवेलदादा, ते औषध एचडीबीचं. एमडीबीला ते लागू पडत नाही, त्यात असली कॅशेच नाही. एमडीबीच्या खालची एलएमडीबी लायब्ररी ओपनएलडॅपच्या हॉवर्ड चू यांनी लिहिली ती याच कटकटीला कंटाळून. डेटाची फाइल सरळ मेमरीत मॅप होते आणि काय धरून ठेवायचं, काय सोडायचं ते लिनक्सचं लिनक्स बघतं. त्यामुळे ती सेटिंग शोधण्यात रात्र घालवू नका. भाकरी_चटणी म्हणतात ते बरोबर, इथे मेमरीचा प्रश्न नाही.

लॅबवाला, तुम्ही एक चाचणी केलीत आणि तिच्यावरून सर्व्हरला पास करून टाकलंत. लॉगिन म्हणजे यूआयडीचा एक शोध नव्हे. माणूस सापडला की तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे हे विचारलं जातं, मग पासवर्ड तपासायला बाइंड होतो, मग होम फोल्डर उघडताना मालकाचा आकडा (यूआयडीनंबर) देऊन नाव विचारलं जातं. यातलं नेमकं काय अडतंय ते तुम्हाला अजून माहीत नाही, आम्हालाही नाही.

दोन गोष्टी करा. एक, कॉन्फिगमध्ये ओएलसी-लॉगलेव्हल 'स्टॅट्स' करा. २.५ मध्ये प्रत्येक रिझल्टच्या ओळीत क्यूटाइम आणि ईटाइम छापून येतो, २.४ मध्ये ही सोय नव्हती. क्यूटाइम म्हणजे मागणी रांगेत किती ताटकळली, ईटाइम म्हणजे उत्तराला किती वेळ लागला. उद्या सकाळी दहा ते सव्वादहाचा लॉग काढा. दोन, एका लॅब मशीनवर होमच्या वरच्या फोल्डरमध्ये जाऊन एलएस मायनस एल करा, मग एलएस मायनस एन करा, आणि दोन्हींना लागलेला वेळ सांगा.

भाकरी_चटणी | सोमवार, रात्री ११:२२

मायनस एन कशाला?

पोर्ट_३८९ | सोमवार, रात्री ११:३०

मायनस एन मालकाचा नुसता आकडा दाखवतं, नाव विचारायला एलडॅपकडे जातच नाही. मायनस एल प्रत्येक आकड्याचं नाव विचारतं. दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला तर एनएफएस सुटला आणि डिरेक्टरी सापडली.

लॅबवाला | मंगळवार, सकाळी ११:१०

घ्या. एलएस मायनस एन अर्ध्या सेकंदात. एलएस मायनस एल चालू केलं, चहा मागवला, चहा आला, पिऊन झाला, तरी चालूच. शेवटी कंट्रोल-सी केलं.

लॉग काढलाय. दहा वाजून चार मिनिटांच्या आसपासच्या ओळी बघा. यूआयडीचा शोध: ईटाइम ०.००१. त्याच पोराचा ग्रुपचा शोध, फिल्टरमध्ये मेंबरयूआयडी (ग्रुपमधल्या सदस्याचं नाव): क्यूटाइम १.९, ईटाइम २.३. पुढच्याला ४.१, त्याच्या पुढच्याला ५.८. चढत चाललंय. टॉप कमांडमध्ये स्लॅपडीचा सीपीयू १९५ टक्के, म्हणजे दोन्ही कोअर भरलेले. डिस्क मात्र निवांत.

आणि हे वाचून मला घाम फुटला. लॉगलेव्हल वाढवण्याच्या आधीपासून, गेले तीन आठवडे, सिसलॉगमध्ये हीच ओळ हजारो वेळा पडून आहे: 'एमडीबी इक्वॅलिटी कॅन्डिडेट्स, मेंबरयूआयडी, नॉट इंडेक्स्ड'. यूआयडीनंबरचीही तशीच.

पोर्ट_३८९ | मंगळवार, सकाळी ११:३५

सापडलं. त्या दोन्हींना इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, नाही. ती ओळ कोणत्याही लॉगलेव्हलला छापली जाते, तुम्ही 'नन' ठेवलंत तरीही. आता जुन्या कॉन्फिगचा बॅकअप उघडा. स्लॅपकॅट मायनस एन शून्य केलं होतंत ना? त्यातल्या ओएलसी-डीबी-इंडेक्सच्या ओळी मोजा आणि नव्यातल्या मोजा.

लॅबवाला | मंगळवार, दुपारी १२:०५

जुन्यात सहा ओळी. नव्यात दोन: ऑब्जेक्टक्लास आणि यूआयडी. एमडीबीची एंट्री हाताने लिहिताना 'बाकीचं नंतर टाकू' म्हटलं होतं, आता स्पष्ट आठवतंय. आणि मी चाचणी केली ती नेमकी यूआयडीचीच, ज्याला इंडेक्स होता.

भाकरी_चटणी | मंगळवार, दुपारी १२:२०

म्हणजे गड्ड्यात पोरगं हरवलं आणि पुकारायचा माईक बंद. मग बसा होम मैदानावर एकेका पाळण्यात, एकेका स्टॉलवर वाकून बघत. साठ पोरं एकदम हरवली, शोधायला माणसं दोन.

पोर्ट_३८९ | मंगळवार, दुपारी १२:४०

अगदी तसंच. मेंबरयूआयडीला इंडेक्स नाही म्हटल्यावर स्लॅपडी प्रत्येक शोधाला सगळ्या ११ हजार एंट्री उघडून बघतं. तुमच्याकडे सगळ्या विद्यार्थ्यांचा मिळून एकच ग्रुप असेल तर त्याची हजारो नावंही दर वेळी तपासली जातात. एकट्याने केलं तर खपून जातं. साठ जण आले की रांग लागते आणि रांग वाढत जाते.

'पासवर्ड बरोबर असून आत घेत नाही' हेही यातूनच आलेलं असणार. मशीनवर एसएसएसडी (लॅब मशीनकडून एलडॅपला विचारणारा प्रोग्रॅम) आहे का? त्याची शोधाची मुदत मुळात ६ सेकंदांची असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते सर्व्हर गेला असं धरून ऑफलाइन होतं. ज्या पोराची माहिती त्या मशीनवर आधी साठवलेली नाही, तो बाहेरच.

मेंबरयूआयडी, यूआयडीनंबर, जीआयडीनंबर (ग्रुपचा आकडा), मेंबर, सीएन (नाव) या सगळ्यांना इक्वॅलिटी इंडेक्स द्या. एलडॅपमॉडिफायने कॉन्फिगमध्ये घातलात तर स्लॅपडी चालू ठेवूनच मागच्या मागे इंडेक्स बांधतं. ते पूर्ण होईपर्यंत रीस्टार्ट करू नका. हे विसरू नका.

टॉवेल_एमआयडीसी | मंगळवार, दुपारी १:१०

माझा सल्ला चुकला, मान्य. आम्ही तेव्हा सेंटओएस ७ वर होतो. रेडहॅटने आठव्या आवृत्तीपासून ओपनएलडॅपचा सर्व्हर देणंच बंद केलं आणि ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदतही संपली, तेव्हा ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या दुसऱ्या एलडॅप सर्व्हरवर आलो. तिथे हाच आजार अ‍ॅक्सेस लॉगमध्ये 'नोट्स=ए' किंवा 'नोट्स=यू' अशा दोन अक्षरांत दिसतो. ए म्हणजे शोध पूर्णच बिनइंडेक्सचा, यू म्हणजे अर्धामुर्धा.

आमचं दुखणं मात्र निराळं निघालं. तिथे नवे पासवर्ड पीबीकेडीएफ२ ने साठवले जातात आणि जुने पासवर्ड माणूस पहिल्यांदा लॉगिन झाला की आपोआप त्यात बदलले जातात. ती पद्धत मुद्दाम संथ केलेली, कुणी पासवर्ड चोरले तरी फोडता येऊ नयेत म्हणून. माणसाला जाणवत नाही. पण आमचं हजेरीचं सॉफ्टवेअर प्रत्येक पंचिंगला नवा बाइंड करायचं, शिफ्ट सुटली की ४०० बाइंड. सीपीयू लाल. शेवटी त्या सॉफ्टवेअरवाल्याला कनेक्शन धरून ठेवायला लावलं. लॅबवाल्यांनी बाइंडचाही ईटाइम बघावा.

लॅबवाला | मंगळवार, दुपारी १:३०

बाइंड ठीक आहे, ०.००२. आम्ही पासवर्ड साठवायची पद्धत (हॅश) बदललेली नाही.

लॅबवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

माती खाल्ली.

दोन वाजता इंडेक्स घातले. अर्धा मिनिट थांबलो, लॉगमधली 'नॉट इंडेक्स्ड'ची ओळ येतच होती. वाटलं, रीस्टार्टशिवाय लागू होत नसेल. रीस्टार्ट मारला. लॉगिन लगेच फास्ट! शोध ०.००१ वर. मी खूश, एचओडी सरांना फोन करून सांगितलंसुद्धा.

अडीचच्या बॅचला अर्ध्या पोरांना प्रोजेक्टचं सामायिक फोल्डर उघडेना, परवानगी नाही म्हणे. आयडी कमांड मारली तर त्या पोरांचे ग्रुपच गायब. डिरेक्टरीत नाव आहे, मेंबरयूआयडीत नाव आहे, पण शोधलं की काहीच हाती लागत नाही. बाकी अर्ध्यांचं सगळं व्यवस्थित. लॅब असिस्टंटला वाटलं मी पोरं डिलीट केली.

पोर्ट_३८९ | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

सांगितलं होतं ओ.

स्लॅपडी इंडेक्स बांधत होतं, तुम्ही मधेच उठवलंत. रीस्टार्टनंतर कॉन्फिगमध्ये इंडेक्स आहे असं लिहिलेलं, त्यामुळे ते त्याच्यावर विश्वास ठेवून शोधतं. इंडेक्समध्ये नाही म्हणजे नाहीच, असं समजून गप्प बसतं. संथ पण खरं उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा तुम्ही चपळ आणि खोटं बोलणारा सर्व्हर केलात. डेटा जागेवर आहे, घाबरू नका.

स्लॅपडी थांबवा. मग सुडो मायनस यू ओपनएलडॅप करून स्लॅपइंडेक्स चालवा. रूटने नको. रूटने एखादी फाइल बनली आणि स्लॅपडीला ती उघडता आली नाही की आणखी एक धागा काढावा लागेल. संपलं की चालू करा, आणि लॅब मशीनवर एसएसएस-कॅशे मायनस ई मारा, नाहीतर तिथे साठलेली चुकीची माहिती तशीच राहील.

लॅबवाला | मंगळवार, रात्री ८:०५

झालं. स्लॅपइंडेक्सला मिनिटभरही लागलं नाही. सगळ्यांचे ग्रुप परत आले. आईशपथ, पुन्हा कधी मधे हात घालणार नाही.

लॅबवाला | बुधवार, सकाळी ११:००

आजचे आकडे. सर्व्हरवर एकही शोध ०.०५ च्या वर नाही, स्लॅपडी १२ टक्के. तरीही पोरांना लॉगिनला १२ ते १५ सेकंद लागताहेत. चाळीसपेक्षा बरं, पण अपग्रेडच्या आधी तीनच लागायचे. आता काय?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:१०

धागा पहिल्यापासून वाचला. लॅबमधली मशीनही त्याच सुट्टीत अपग्रेड केलीत का? आधी त्यांच्यावर काय होतं, एनएसएलसीडी की एसएसएसडी?

लॅबवाला | बुधवार, दुपारी १२:२५

हो, त्याच चार दिवसांत सगळ्यांची नवी इमेज टाकली. आधी एनएसएलसीडी होतं, आता एसएसएसडी.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:५५

सर्व्हर आणि क्लायंट एकाच सुट्टीत बदलले, आणि दोष एकट्या सर्व्हरला. असो, आम्हीही हेच करतो.

विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये मेंबरयूआयडी किती आहेत? एसएसएसडी नुसतं 'हा पोरगा या ग्रुपमध्ये आहे का' एवढं विचारून थांबत नाही. ग्रुप सापडला की त्यातली सगळी नावं मागवतं आणि मशीनच्या डिस्कवर आपल्या कॅशेत लिहून ठेवतं. लॉगिन चालू असताना त्या मशीनच्या डिस्कचा दिवा बघा.

लॅबवाला | बुधवार, दुपारी २:३०

९,४०० नावं आहेत.

दिवा बघितला. सर्व्हरचं उत्तर पहिल्या सेकंदातच येतं. पुढचे दहा सेकंद लॅब मशीनचा दिवा लाल, सलग. जुन्या फिरत्या हार्डडिस्क आहेत, आवाजसुद्धा येतो कर्रकर्र. इतके दिवस मी सर्व्हर रूममध्ये बसून होतो, लॅबमध्ये खुर्ची टाकून बसलोच नाही.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:५०

एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये, डोमेनच्या भागात 'इग्नोर ग्रुप मेंबर्स' ट्रू करा. मग ते नावांची यादी मागवणार नाही. फोल्डरच्या परवानग्यांवर परिणाम होत नाही, पोरगं कुठल्या ग्रुपात आहे ते बरोबरच कळतं. एवढंच, की गेटएंट ग्रुप ही कमांड दिल्यावर सदस्य दिसणार नाहीत. कुठली स्क्रिप्ट त्यावर अवलंबून असेल तर आधी बघून घ्या. आणि 'एन्युमरेट' (सगळी खाती आणि ग्रुप आधीच मागवून ठेवणं) चुकून ट्रू ठेवलं असेल तर ते पहिलं काढा.

खरं तर ही यादी हवीच कशाला? प्रत्येक विद्यार्थ्याच्या एंट्रीत जीआयडीनंबर असतोच. तो विद्यार्थी ग्रुपचा दिलात की तो त्याचा मुख्य ग्रुप झाला, मेंबरयूआयडीत नाव लिहायची गरजच नाही. मेंबरयूआयडी फक्त जादाच्या ग्रुपांसाठी, म्हणजे प्रोजेक्ट वगैरेंसाठी ठेवा.

जुनी_मिल | बुधवार, दुपारी ४:१५

थोडं अवांतर, पण डेबियन १२ वर जाणारे अजून कुणी वाचत असतील म्हणून. तुमच्याकडे पीपॉलिसी (पासवर्डचे नियम लावणारं मॉड्यूल) असेल तर तिचा जुना स्कीमा, म्हणजे फील्डच्या व्याख्या, अपग्रेडच्या आधीच काढा. २.५ मध्ये तो मॉड्यूलच्या आतच आलाय, बाहेरचा जुना राहिला तर दोघांची टक्कर होते आणि स्लॅपडी उठतच नाही. मी रात्री दोन वाजता शिकलो. लॅबवाल्यांचं किमान उठलं तरी.

लॅबवाला | गुरुवार, सकाळी १०:४५

आज दहाला लॅबमध्येच उभा होतो, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. इग्नोर ग्रुप मेंबर्स कालच तिन्ही लॅबवर टाकलं. पहिल्या रांगेत २.८, ३.१, २.६ सेकंद. एकाला नऊ लागले, त्याच्या होममध्ये ब्राउझरचा ४ जीबी कॅशे निघाला, तो एलडॅपचा दोष नाही. एलएस मायनस एलही आता चहाच्या आधी संपतं.

पोर्ट_३८९, रात्रपाळी, मनापासून आभार. टॉवेलदादा, तुमचेही, बाइंडचं मी कधी बघितलंच नसतं. सोलापूरला आलात तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी माझ्याकडे.

भाकरी_चटणी | गुरुवार, सकाळी ११:००

माझं नाव घेतलं नाहीस, पण पार्टी माझ्याच नावाची. चालतंय बे.

पोर्ट_३८९ | गुरुवार, सकाळी ११:२०

दोन कामं राहिली. लॉगलेव्हल स्टॅट्सवरून परत खाली आणा, नाहीतर महिनाभरात सिसलॉग डिस्क भरेल. आणि ती पास झालेली पोरं काढा आता.

लॅबवाला | शुक्रवार, सायंकाळी ५:३०

लॉगलेव्हल खाली आणली. जुनी पोरं काढायला आज बसलो. एकदम डिलीट नको म्हणून आधी बॅचवार खाती बंद करतोय. २०११, १२, १३ निर्विघ्न गेल्या. २०१४ ची बॅच बंद केली आणि ग्रंथालयाच्या मशीनचा बॅकअप फेल झाल्याचा मेल आला. बघितलं तर तो बॅकअप गेली कित्येक वर्षं रोज त्या बॅचच्या एका पोराच्या खात्यातून चालतोय. त्याने फायनल इयरला लिहून दिलेली स्क्रिप्ट. खातं परत चालू केलंय. पोरगं आता पुण्यात असतं म्हणे, नंबर मिळवून आज रात्री फोन लावतो.